करकोचा दिसेपर्यंत

स्पासने छोट्या पहारीचं टोक झाकणाखाली सारलं आणि अंगाचा भार टाकला. खिळे कुरकुरत वर आले. आधी ताज्या लाकडाचा गोडसर वास आला, त्याच्या मागून वंगणाचा. आत उखळी तोफेचे गोळे मेणकागदात गुंडाळून अंडी मांडावीत तसे ओळीने निजवले होते. मधल्या गोळ्याच्या मानेला लाल-पांढऱ्या लोकरीचा गोंडा बांधलेला होता.

त्याने दुसरी पेटी उघडली. आत गोंडा. तिसरी उघडली, तिच्यातही गोंडा. बाहेर दोराच्या कड्यांना लटकणारे गोंडे तर शेडमध्ये पाऊल टाकताच दिसले होते. तेव्हा वाटलं होतं, वरवरची हौस असेल, कात्रीने उडवता येईल.

"दोनशे चाळीस पेट्यांत?" त्याने विचारलं.

"गोंडे चारशे ब्याऐंशी," फिल्का म्हणाली. "पेटीला दोन, आत एक, बाहेर एक. वरचे दोन दाराच्या कड्यांना."

ती हातमोजे घालून उभी होती, कोपरापर्यंतचे, जाड कातड्याचे. ती या शेडची मुकादम आणि स्पासची बायको. अकरा वर्षांपूर्वी तिने त्याची बॅग फाटकाबाहेर ठेवली होती आणि वर दोन उकडलेली अंडी ठेवली होती, वाटेत खायला. कागदावर मात्र ती अजून बायकोच होती, आणि कागद हाच स्पासचा धंदा असल्याने त्या गोष्टीवर त्याची मोठी भिस्त होती.

एके काळी या शेडमध्ये सहकारी संस्थेची तंबाखू वाळायची. आता गावातल्या सहा बायका इथे गोळ्यांवरच्या खुणा घासून काढायच्या, जुन्या पेट्या जाळायच्या, माल नव्या कोऱ्या पेट्यांत भरायच्या आणि खिळे ठोकायच्या. माल इथला. कागद म्हणायचे, माल दुसऱ्या देशात तयार झाला आणि तिसऱ्या देशात चालला आहे. तो जायचा चौथ्याच देशात. हे काम स्पासनेच गावाला मिळवून दिलं होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता. राजधानीत बसणारे बालाबानोवसाहेब त्याला म्हणायचे, तुझ्या गावच्या बायका देशाचं नामोनिशाण ठेवत नाहीत.

आणि आता प्रत्येक पेटीत या देशाचं लोकरीत विणलेलं निशाण होतं.

"एक तारखेला बांधले," म्हातारी कीप्राकाकू खिळ्यांच्या डब्यात हात घालत म्हणाली. "मार्च लागला की आपण सगळ्यांना बांधतो की. कोकरांना बांधतो, वेलींना बांधतो, जावयांनासुद्धा बांधतो. या पेट्यांनी काय पाप केलंय? हात कर पुढे, जावईबापू."

स्पासने हात पुढे केला नाही. लग्नानंतर तो फिल्काच्या घरी राहायला आला होता, त्यामुळे तो सगळ्या गावाचा जावई होता, आणि घरजावयाला टोमणे मारायला गावाला कुणाची परवानगी लागत नव्हती.

त्याने त्यांना समजावून सांगितलं. शुक्रवारी सकाळी विमान आहे. त्या विमानतळावर त्याच एका सकाळी असा अधिकारी असेल, ज्याची नजर आकाशाकडे असते. मालाच्या दाखल्याची मुदतही त्याच दिवशी संपते. माल घेणाऱ्याचा माणूस विमानात चढवण्याआधी पेट्या उघडून बघणार आहे. तेव्हा आज सोमवार, गुरुवारी संध्याकाळी ट्रक निघायला हवा, त्याआधी सगळे गोंडे काढा.

बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वेलीका नावाची जाडजूड बाई म्हणाली की करकोचा दिसल्याशिवाय गोंडा काढत नाहीत. करकोचा परत आला की गोंडा सोडायचा, फळझाडाच्या फांदीला बांधायचा, आणि मग काय ते. हे जावयाला माहीत असायला हवं.

"आमच्या वरच्या गावात झाड बहरलं तरी चालतं," स्पास म्हणाला. "बदाम बहरलाय. मी येताना पाहिला."

"मग वरच्या गावाकडून पेट्या भरून घे," वेलीका म्हणाली. "बदाम काय, फेब्रुवारीतही फसतो."

त्या रात्री झोपायला त्याला फिल्काने माळ्यावरची खोली दिली. त्याने ठरवलं होतं, हा माल शेवटचा. हा गेला की राजधानीतली जागा सोडायची आणि इथे यायचं. जानेवारीत त्याने तसं फोनवर सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, माल जाऊ दे, मग बोलू. त्या दोन शब्दांवर त्याने सगळा हिवाळा काढला होता. मग बोलू.

मंगळवारी सकाळी त्याने बालाबानोवसाहेबांना फोन केला. साहेबांना पोटाचा अल्सर होता, ते दिवसभर कॅमोमाइलच्या फुलांचा काढा पीत आणि कधी आवाज चढवत नसत. स्पासने सुचवलं की उत्तरेकडचे शेजारीही असे गोंडे बांधतात, कुणी विचारलंच तर त्यांच्यावर ढकलता येईल. साहेबांनी घोट घेतला आणि विचारलं, आपल्या कागदावर ज्या देशाचं नाव आहे तिथे बांधतात का? स्पास म्हणाला, तिथे बहुधा नाही. तिथे लोकर तरी होते का, साहेबांनी विचारलं. स्पासला ठाऊक नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली तेव्हा तो कात्री घेऊन आत गेला. निदान बाहेरचे तरी. पहिल्या पेटीपुढे तो उकिडवा बसला, कात्रीची पाती उघडली, धागा त्यांच्या मधे आला. सातव्या वर्षी त्याने आईने बांधलेला गोंडा वेळेआधी तोडला होता. त्या वर्षी गाय आटली होती. गोंड्याने गाय आटत नाही हे त्याला कळत होतं. कात्रीला कळत नव्हतं. ती तशीच उघडी राहिली.

"बोथट आहे," बाहेर येऊन तो म्हणाला.

"कालच धार लावून आणलीय," वेलीका तोंडातला घास न थांबवता म्हणाली.

मग तो गुत्त्यात गेला. तिथे बसलेल्या पुरुषांना त्याने तासाभराचं काम आणि चांगली रोजी देऊ केली. कसलं काम ते कळल्यावर एकाला कंबरदुखी आठवली. दुसरा म्हणाला, सून पोटुशी आहे, नको. तिसऱ्याने स्पाससाठी राकियाचा पेला मागवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मयताला गेल्यावर फिरवतात तसा.

संध्याकाळी, हातोड्यांचा आवाज थांबायच्या बेतात असताना, स्पास दारात येऊन म्हणाला, "पाहिला. आत्ता, पुलापाशी. करकोचा."

सहा हातोडे खाली आले.

"उडताना की उभा?" कीप्राकाकूने विचारलं.

"उभा."

"मग वर्षभर घरीच बसणार तू. उडताना दिसला असता तर पायाला भिंगरी लागली असती. बरं झालं, फिल्का."

"कुठल्या पायावर उभा होता?" फिल्काने विचारलं.

चार सीमांवरच्या जकात अधिकाऱ्यांना त्याने डोळ्याला डोळा देऊन उत्तरं दिली होती. तेलगिरणीचे सुटे भाग इतके जड का, या प्रश्नावर तो एकदा अर्धा तास बोलला होता. आता त्याने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"डाव्या," तो म्हणाला.

आधी वेलीका हसली, मग सगळ्याच. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फिल्का हसली नाही, पण तिने त्याच्या कोटावरचा लाकडाचा भुसा झटकला.

"तुझं खोटं कागदावरच बरं दिसतं, स्पास," ती म्हणाली. "तोंडावर नाही शोभत."

बुधवारी त्याने काहीच केलं नाही. म्हणजे खिळे निवडले, सरळ केले, दोर कापून दिले. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण रिकामं बसवत नव्हतं. बायका काम करताना गुणगुणत होत्या. लोकर वळताना म्हणायचं ते गाणं, ज्याला शेवट नाही, जी म्हणेल ती आपली ओळ जोडते.

लाल धागा गालाला, पांढरा धागा केसाला,
एक धागा बांधिला गं परक्याच्या हाताला.

परक्याचा हात कुणाचा, असं त्याने उगाच विचारलं. पेटी उघडेल त्याचा, असं कीप्राकाकूने सांगितलं. कुणीतरी उघडेलच ना. त्याचे हात धड राहोत.

दुपारी पुदिना घातलेल्या घेवड्याचं पातेलं मधे ठेवून सगळे बाकावर बसले. कीप्राकाकूने पाव मोडता मोडता, हवापाण्याचं बोलावं तसं, सांगितलं की नाताळच्या आधी टीव्हीवर तिला तिची गाठ दिसली होती.

दोराच्या कड्यांना ती जी गाठ मारायची ती तिच्या सासऱ्याची होती, तंबाखूच्या गठ्ठ्यांना मारायची, दोन वेढे आणि एक उलटा. सबंध जगात आता ती एकटीच मारत होती. टीव्हीवर कुठलीशी गल्ली होती. घरं होती, म्हणजे घरांच्या भिंती होत्या. एका दारासमोर एक बाई बसली होती आणि तिच्याजवळ पेटी, पेटीत कांदे. कॅमेरा पुढे सरकला आणि कड्यावरची गाठ एवढी मोठी दिसली.

"मी सुनेला म्हटलं, बघ, सुटली नाही," कीप्राकाकू म्हणाली. "एवढं सगळं पडलं, पण गाठ सुटली नाही."

स्पासला तो माल आठवत होता. त्या खेपेला त्याने या बायकांना सांगितलं होतं की माल सरावासाठी चाललाय, वाळवंटात, निशाण्याच्या फळ्यांवर. त्याने घेवड्याचा चमचा तोंडाशी नेला आणि परत वाटीत ठेवला.

"तुझ्या त्या दाखल्यावर काय लिहितात, जावईबापू?" तिने विचारलं.

"शेवटी माल वापरणार कोण, ते."

"नाव घालून?"

"नाव, हुद्दा, सही. सगळं."

"आणि ज्याच्यावर पडतो त्याचं?"

"त्याला रकाना नाही, काकू," स्पास म्हणाला.

म्हातारीने मान हलवली. पंचाहत्तर वर्षं जगलेल्या बाईला रकान्यांचं काही नवल नव्हतं. तिने पावाचा मोठा तुकडा त्याच्या वाटीशेजारी ठेवला. खा म्हणाली.

गुरुवारी सकाळी बालाबानोवसाहेबांचा दोनदा फोन आला आणि दुसऱ्या वेळी, करकोचा दिसला का असं विचारताना, त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. स्पास गाडीत बसला आणि थेट शेजारच्या गावी गेला. तिथे मिंकोव नावाचे जनावरांचे डॉक्टर होते, आणि त्यांच्या अंगणात पंख मोडलेला एक करकोचा होता. डॉक्टरांना त्याने काय सांगितलं कोण जाणे, शाळेतल्या मुलांना दाखवायचाय असं काहीतरी. अकरा वाजता स्पास परत निघाला तेव्हा मागच्या सीटवर, घोंगडीत गुंडाळलेला, लाल चोचीचा पाहुणा बसला होता आणि आरशातून त्याच्याकडे बघत होता. वाटेत त्याने स्पासची सगळी वाळवलेली सॉसेज खाल्ली. मग दाखल्यांच्या फायलीवर आपला शिक्का उठवला, ऐसपैस, पांढरा.

शेडसमोरच्या कुरणात स्पासने त्याला उतरवलं, घोंगडी काढली, स्वतः गाडीमागे लपला आणि ओरडला, "बायांनो! बाहेर या!"

सहाही जणी दारात आल्या. करकोच्याने मान उचलली, पंख सावरला आणि तो लांब पावलं टाकत, गवतातून, सरळ त्यांच्याकडे चालत गेला. फिल्काच्या पुढ्यात थांबून त्याने तिच्या एप्रनच्या खिशात चोच घातली.

"गोशो," फिल्का म्हणाली, "डॉक्टरांनी सोडलं कसं रे तुला?"

गाडीमागून स्पास उभा राहिला. गुडघ्यांना चिखल लागला होता. दर रविवारी ती याला माशांची मुंडकी घेऊन जाते, हे त्याला कुठून ठाऊक असणार? अकरा वर्षांत तिच्या रविवारांचं त्याने काही विचारलं नव्हतं.

"करकोचाच आहे की," तो म्हणाला. "दिसला ना? सगळ्यांना दिसला."

"हा गेलाच नव्हता, स्पास," फिल्का म्हणाली. "जो गेला नाही तो परत कसा येणार?"

वेलीका काहीतरी बोलणार होती. कीप्राकाकूने तिला कोपराने ढोसलं आणि बाकीच्या पाचजणी, अचानक खूप काम असल्यासारख्या, आत गेल्या. स्पास फिल्काकडे बघत राहिला. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, जो गेला होता त्याच्याविषयी. मग त्याने खाली वाकून बुटावरचा चिखल पुसला.

तेवढ्यात गोशो शेडला वळसा घालून मागे निघाला होता. घोंगडी घेऊन स्पास त्याच्यामागे धावला.

शेडच्या मागे तो आजवर कधी आला नव्हता. तिथे जुन्या पेट्या जाळल्याची राख होती, पाण्याचं पिंप होतं, आणि भिंतीला टेकून अलुबुखारचं एक ठेंगणं झाड होतं. अजून पानं फुटली नव्हती. उघड्या फांद्यांवर लाल-पांढरे गोंडे होते. त्याने मोजले. सहा. त्यांतला लाल रंग पांढऱ्यात उतरून सगळे गुलाबी पडले होते. पाऊस रविवारी पडला होता. त्यानंतर पडला नव्हता. तो आला होता सोमवारी.

मागून फिल्का आली. तिने गोशोला सवयीने काखेत घेतलं.

"शनिवारी," तिने सांगितलं. "आधी काकूला दिसला. मग आम्ही सगळ्याच नदीवर गेलो. चार होते."

"उडताना?"

"उडताना."

स्पासने फांदीवरच्या एका गोंड्याला बोट लावलं, तो सुकून कडक झाला होता.

"मग पेट्यांवरचे काढायला काय हरकत होती?"

"पेट्यांनी कुठे पाहिलाय?" फिल्का म्हणाली. "त्या आतच आहेत." आणि तो हसत नाही असं पाहून, हळू आवाजात, "काकूची गाठ एकट्या काकूला ओळखू आली, स्पास. हा धागा कुठला, ते कुणालाही ओळखू येईल."

त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. त्याने तो बाहेर काढला, नाव पाहिलं. फिल्का गोशोची मान कुरवाळत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती, अजिबात बघत नव्हती. ट्रक फाटकाशी उभा होता. सहा बायकांनी हात लावला तर झाकणं उघडून, गोंडे काढून, पुन्हा ठोकून संध्याकाळी सहापर्यंत काम होण्यासारखं होतं. आणि झाडावर काय बांधलंय हे आता त्याला ठाऊक होतं. चार शब्द बोलला असता तर त्यांना नाही म्हणायला जागा उरली नसती.

"दिसला का?" बालाबानोवसाहेबांनी विचारलं.

"मला नाही दिसला अजून," स्पास म्हणाला.

त्याचा आवाज थरथरला. कैक वर्षांपूर्वी पहिल्या सीमेवर पहिलं खोटं बोलताना थरथरला होता तसा. पण आत्ता तर तो अक्षर न अक्षर खरं बोलत होता. साहेबांनी काढ्याचा घोट घेतल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं की विमानं पाखरांसाठी थांबत नसतात. आज ट्रक निघाला नाही तर माल कुजला, दाखला मेला, आणि स्पासने राजधानीत परत येऊ नये, दार वाजवू नये, फोन करू नये. स्पास म्हणाला, समजलं. बंद झालेला फोन तो हातात धरून उभा राहिला, गरम काहीतरी हातात आल्यासारखा.

"काय म्हणाले?" फिल्काने विचारलं.

"काही नाही. बोलणं संपलं."

तिने गोशोला काखेत सावरून धरलं. मग म्हणाली, "याला पोचवायला हवं. दुपारच्या खाण्याची वेळ झाली याची, डॉक्टर काळजी करत असतील."

गाडीचं मागचं दार त्याने उघडलं. ती मात्र पुढे येऊन बसली, गोशोला मांडीवर घेऊन. त्या गाडीत मी मेले तरी बसणार नाही, असं तिने ती गाडी पहिल्यांदा दारात उभी राहिली त्या दिवशी सांगितलं होतं आणि आजवर पाळलं होतं. तिने हातमोजे काढून फायलीवर ठेवले, दाखल्यांच्या फायलीवर, आणि काच अर्धी खाली केली. गोशोने चोच बाहेर काढली.

गाव संपलं. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी जमीन, पुढे नदीचा वळसा. फिल्काने एकदा विचारलं की माळ्यावरची खोली थंड असते का. स्पास म्हणाला, थोडी. ती बोलणार असल्यासारखी थोडी सरळ बसली.

पुलाच्या अलीकडे समोरच्या डांबरावरून एक लांब सावली सरकत आली, रुंद पंखांची. तिच्यामागून दुसरी. गोशोने मान ताणली आणि चोच खडखडवली. स्पासची हनुवटीही आपोआप वर जाऊ लागली.

"रस्त्याकडे बघ," फिल्का म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि नजर रस्त्यावर ठेवली. सावल्या गाडीवरून गेल्या.